मान वर करणारा फ्लॅश

मुनीरचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाला डोळे मिटल्याबद्दल शाबासकी देत होते.

कडुनिंबाखाली एक स्टूल. स्टुलावर चाकूरकडचे एक गृहस्थ, श्वास कोंडून बसलेले, जणू समोरचा आता सुई टोचणार आहे. समोर तिपाईवर कॅमेरा आणि त्यामागे उंच, काटकुळे मुनीरचाचा. खट् आवाज झाला आणि गृहस्थांचे डोळे नेमके त्याच क्षणी मिटले. आता जगातला कुठलाही फोटोग्राफर अशा वेळी कपाळावर हात मारतो. 'हलू नका म्हणलं होतं ना काका,' असं दातओठ खाऊन म्हणतो. चाचांचा चेहरा मात्र खुलला.

"मिटले का डोळे? शाब्बास! लई झकास मिटले. आता अजून एक काढू."

गृहस्थांना वाटलं, आपण काहीतरी जिंकलो. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिल्मवरचा एक अख्खा फोटो फुकट गेला आणि हा माणूस पेढा मिळाल्यासारखा हसतोय! मी गोंधळलो. हे वाक्य पुढे बऱ्याच वेळा येणार आहे, वाचकांनी सवय करून घ्यावी.

मी तेव्हा लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात होतो. शिकवायचं काम सरांचं, बाकी सगळं माझं. प्रवेशाचे फॉर्म, गळकी टाकी, रडणारे पालक आणि जाहिरात. भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि शहर दोनच गोष्टींनी भरून गेलं होतं, पत्र्याच्या शेडनी आणि क्लासेसनी. स्लॅबवरचा विश्वास उडाला म्हणून शेड आणि पोरानं डॉक्टर व्हावं म्हणून क्लास. आमच्याकडे दोन्हींचा संगम होता. भल्यामोठ्या शेडमध्ये दोनशे पोरं बसायची. पाऊस आला की सर फळ्यावर फक्त लिहायचे, बोलण्यात अर्थ नसायचा.

शेजारच्या छोट्या शेडमध्ये चाचांचा स्टुडिओ. आजोबांपासूनचा धंदा. पूर्वी गोलाईच्या बाजारपेठेत पक्कं दुकान होतं, ते त्यांनी भूकंपानंतर सोडून दिलं.

"भिंतीला तडा गेला होता का?" मी एकदा विचारलं.

"न्हाई. दुकान अंधारं होतं."

"मग?"

"मग फ्लॅश मारावा लागायचा."

एवढंच. फ्लॅश मारावा लागतो म्हणून कुणी तीन पिढ्यांचं दुकान सोडतं का? म्हणजे दळावं लागतं म्हणून गिरणी बंद केल्यासारखं झालं. पण चाचा फ्लॅशला हात लावत नसत हे खरं होतं. सगळं काम झाडाखाली, उन्हाच्या भरवशावर. आभाळ आलं की गिऱ्हाईक स्टुलावर आणि चाचा शेजारी उकिडवे, दोघं मिळून वर बघत बसलेले. "थांबा मालक, ढग सरकून राहिलाय." ढग सरकेपर्यंत गिऱ्हाइकाची पोरंबाळं, जमीनजुमला, गुडघेदुखी सगळं चाचांना पाठ व्हायचं.

आता माझं संकट सांगतो. बारावीचा निकाल लागला की पहिल्या पंचवीस पोरांचे फोटो काढून चौकात मोठा फलक लावायचा ही क्लासची वर्षातली सगळ्यांत मोठी जाहिरात. त्या फलकाकडे बघून पुढच्या वर्षाचे पालक येणार. आदल्या वर्षी मी एका जोरदार फोटोग्राफरला आणलं होतं. त्यानं जोरदार फ्लॅश मारले. हुशार पोरांपैकी बहुतेकांना चष्मा असतो, हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. फलक लागला. पंचवीसपैकी सतरा पोरांच्या डोळ्यांच्या जागी दोन-दोन पांढऱ्या चकत्या! चौकातल्या पानवाल्यानं मला विचारलं, "काय हो, ही डोळ्याच्या दवाखान्याची जाहिरात हाय का?"

यंदा निकालाच्या आधीच सरांनी मला बोलावलं. सर कमी बोलायचे. "यंदा चष्म्याच्या आत डोळे दिसले नाहीत तर मी फोटोवाला बदलणार नाही. तुला बदलणार."

घरी बायको, एक तान्हं मूल. मी तडक शेजारच्या शेडमध्ये गेलो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. आकाशाकडे बघितलं. जूनचं आभाळ, म्हशीसारखं काळं. पावसात पंचवीस पोरं झाडाखाली कशी बसवणार? शेडमध्येच काढावे लागणार आणि शेडमध्ये अंधार.

"फ्लॅश घ्यावा लागंल," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटलं कुणाच्या तब्येतीबद्दल बोलताहेत.

लातुरातल्या दुकानात एकाच जातीचा फ्लॅश होता, कॅमेऱ्यावर ताठ बसणारा, समोर बघणारा. चाचांनी त्याच्याकडे पाहून पाठ फिरवली. कुणीतरी सांगितलं, नांदेडला एका दुकानात मान वाकणारे फ्लॅश मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीत.

नांदेडचे दुकानदार सरदारजी होते. चार पिढ्या तिथल्याच, मराठी आमच्या सरांनी शिकवणी लावावी अशी.

"बसा चाचा. काय देऊ?"

"फ्लॅश."

"कसा?"

चाचांनी बराच विचार केला. "अदबीचा," ते म्हणाले.

"काय?"

"म्हणजे माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघणारा नको. जरा नजर वळवणारा पाहिजे."

सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं, मी सरदारजींकडे. दोघेही गोंधळलो. पण ते व्यापारी होते, आधी सावरले. त्यांनी काउंटरवर तीन फ्लॅश मांडले, पेन्सिल सेल भरले. कुंईऽऽ असा बारीक आवाज करत तिघांचे लाल दिवे लागले.

"हा पहिला घ्या. याचा गाईड नंबर बघा, उजेड किती लांब पोचतो तो आकडा! लग्नात शेवटच्या रांगेत जेवून राहिलेला माणूसही दिसतो यात."

"गाईड मास्तरांच्या क्लासला लागतंय. मला न्हाई." मास्तर म्हणजे मी. मी मास्तर नाही हे त्यांना शंभर वेळा सांगून झालं होतं. "मास्तर, इथं बसा."

आणि माझ्या तोंडावर पहिला फ्लॅश उडाला. मी डोळे मिटले. "शाब्बास!" मग दुसरा. मग तिसरा. मग पुन्हा पहिला. दर वेळी चाचा उजेडाकडे बघतच नव्हते. ते आधी माझ्या डोळ्यांकडे बघायचे, माझी पापणी लवली की खूश व्हायचे आणि मग मान वर करून दुकानाच्या छताकडे बघायचे. मला समोर हिरवे-जांभळे ठिपके नाचताना दिसू लागले. त्या ठिपक्यांतून सरदारजींचा आवाज आला, "चाचा, लोक फ्लॅश घ्यायला येतात, तुम्ही घर घ्यायला आल्यासारखं छत बघून राहिले."

पहिला फ्लॅश चाचांनी बोटानं दूर सरकवला. "हा पोलिसावानी बघतोय." दुसऱ्याची मान वर व्हायची. त्याचा उजेड छताला लागून सावकाश खाली उतरला आणि माझ्या चेहऱ्यावर मऊ पसरला. मला डोळे मिटावेसेही वाटले नाहीत. "हा चांगला हाय," मी घाईनं म्हणालो, कारण मला तिथून सुटायचं होतं.

"न्हाई. हे बगा." त्यांनी कॅमेरा उभ्या फोटोसाठी कडेवर वळवला. फ्लॅशची वर केलेली मान आता बाजूच्या कपाटाकडे गेली. "पोरांचे फोटो उभे काढायचेत. कॅमेरा आडवा पाडला की हा भिंतीला उजेड दाखवतोय." मग तिसरा उचलला. त्याची मान वरही व्हायची आणि चहूकडे फिरायचीही. कॅमेरा कडेवर वळवला, त्याची मान फिरवली, तोंड पुन्हा छताकडे. चाचांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू मुलीसाठी स्थळ पसंत पडलं.

"आडवा पडला तरी वरच बघतोय. हाच द्या."

मग ते सरदारजींना काहीतरी पटवून द्यावं तसं म्हणाले, "उजेड मारायचा नस्तोय, मालक. पांघरायचा अस्तोय."

परतीच्या एसटीत चाचा तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. लोह्याच्या पुढे गेल्यावर मला राहवलं नाही. "चाचा, एवढं काय बघायचं फ्लॅशमध्ये? आणि डोळे मिटले की शाब्बास कामून म्हणता? मला काही उमगत नाही."

चाचा खिडकीबाहेर बघत होते. माणसं ओल्या रानात बैलं घेऊन उतरली होती.

"भूकंप झाला तवा मला तिकडं नेलं," ते म्हणाले. "साहेब लोकांना कागदाला फोटो पाहिजे होते. माती द्यायच्या आधी, जाळायच्या आधी, एकेकाचा फोटो. कोन हाय ते पुन्हा कळावं म्हणून. पाऊस चालू. अंधार. माझा फ्लॅश समोर बघणारा. तीन दिवस मारत होतो." त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला. "जिता माणूस फ्लॅशला डोळे मिटतोय, मास्तर. लेकरू असो, म्हातारं असो. तिथं फ्लॅश मारला की मला दर बारीला वाटायचं, आता मिटंल. आता एखादं मिटंल. जे मिटलेले होते ते मिटलेले, आन् उघडे होते ते उघडेच."

कंडक्टरनं घंटी ओढली. कुणीतरी कोंबडी घेऊन चढलं. मी गोंधळलो नाही. त्या दिवसभरात पहिल्यांदा.

"म्हणून शाब्बास," चाचा म्हणाले आणि अहमदपूरला उतरून त्यांनी मला भजी खाऊ घातली.

निकाल लागला. शनिवारी पंचवीस पोरं शेडमध्ये आली, नव्या शर्टांत, केसांना तेल लावून. बाहेर धो धो पाऊस. चाचांनी नवा फ्लॅश चढवला, त्याची मान वर केली, एकेकाला बसवून फोटो काढले. किती अदबीनं! सरांनीही मान डोलावली. संध्याकाळी प्रिंट आल्या. चष्म्यांच्या आत सगळ्यांचे डोळे स्वच्छ दिसत होते. फक्त पोरं हिरवी होती.

हिरवी म्हणजे काय, पोपटासारखी. कपाळ हिरवं, गाल हिरवे, दात हिरवट. गुणवत्ता यादीत आलेली पंचवीस भुतं! मी ओळीनं प्रिंट लावून बघत होतो आणि पुढच्या नोकरीचा विचार करत होतो. रंगारी सोमवारी सकाळी फलक चढवणार. हातात फक्त रविवार.

"चाचा, हे काय झालं?"

चाचांनी शेडच्या छताकडे बघितलं आणि दोन्ही हात टोपीवर ठेवले. पत्रा गंजू नये म्हणून सरांनी आतून हिरवा रंग मारून घेतला होता. वर्षभर आम्ही त्याच्याखाली बसत होतो, पण कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, की छत हिरवं असेल तर उजेडही हिरवाच खाली येणार. नांदेडच्या दुकानाचं छत पांढरं होतं. सगळ्या शहरानं भूकंपाच्या भीतीनं स्लॅब सोडून पत्रा धरला होता आणि चाचांनी घेतलेल्या फ्लॅशला नेमकं पांढरं, गुळगुळीत, स्लॅबचंच छत पाहिजे होतं!

"सरांच्या घरी स्लॅब हाय," मी सुचवलं.

"पंचवीस पोरं सरांच्या घरात? बाई हाकलून देतील." चाचा एकदम उठले. "मास्तर, तुम्ही संदल बघितला न्हाई का?"

लातुरात संदल न बघितलेला माणूस कुठे असणार? उरुसात दर्ग्याला चादर चढवायला नेतात. चार माणसं चार कोपरे धरून ती डोक्यावर उंच ताणतात आणि लोक खालून चालतात. आमच्या गल्लीतली पोरं लहानपणी त्या चादरीखालून पळायला भांडायची.

"तशी चादर धरायची," चाचा म्हणाले. "छत आपणच करायचं."

"पण संदलची चादर हिरवी असते चाचा!" मी ओरडलो. "पोरं अजून हिरवी होतील!"

"अहो पांढरी धरा की! तुमच्या वसतिगृहात बेडशिटी न्हाईत का?"

रविवारी सकाळी मी धुतलेली मोठी पांढरी चादर आणून चाचांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली, पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडली. मला वाटलं, डाग शोधताहेत.

"तवा ही तोंडावर ओढायची होती," ते म्हणाले. "आज डोक्यावर धरू."

एक कोपरा मी धरला. दुसरा शिपायानं. तिसरा एका मुलीच्या वडिलांनी, मुरूडकडचे शेतकरी, दोन्ही हात वर करून, एखादा मान मिळाल्यासारखे ताठ. चौथ्याला माणूसच नव्हता. चाचांनी शांतपणे सरांकडे पाहिलं. "सर, तुम्ही."

आयुष्यात खडूखेरीज काही न उचललेले आमचे सर चादरीचा कोपरा धरून उभे राहिले. चाचांनी फ्लॅशची मान वर केली. कुंईऽऽ. लाल दिवा. चादर क्षणभर आतून उजळली आणि तो उजेड स्टुलावरच्या पोराच्या डोक्यावर, खांद्यावर, चष्म्यावर उतरला. अकराव्या पोरानंतर सरांचे हात खाली येऊ लागले. "हात खाली नको सर, उजेड सांडंल," चाचा म्हणायचे.

सगळ्यांत शेवटी मुरूडच्या शेतकऱ्याची मुलगी. जाड चष्मा, दोन वेण्या. वडील वर चादर धरून आणि खाली ही, दर फ्लॅशला डोळे मिटणारी. एकदा, दोनदा, चारदा. चाचा दर वेळी, "शाब्बास बेटी! लई झकास!"

"चाचा!" सर शेवटी कळवळले. "डोळे उघडे पाहिजेत!"

"उघडतील की सर. मिटतात म्हंजी उघडतीलच."

सहाव्या वेळी ती हसली आणि डोळे उघडे राहिले. सोमवारी फलक चढला. पंचवीस पोरं, त्यांचे स्वतःचे रंग, चष्म्यांच्या आतले धरून पूर्ण पन्नास डोळे. पानवाला बराच वेळ बघून म्हणाला, "ही पोरगी आपल्याकडंच बघून हसलालीय की." माझी नोकरी टिकली. सरांचे दंड आठवडाभर दुखत होते. त्यांनी छत मात्र पांढरं करून घेतलं.

तेव्हापासून चाचांची एक सवय गावभर प्रसिद्ध झाली. कुणाच्याही घरात शिरले की उंबऱ्यातच मान मागे टाकून आधी छत बघायचे. यजमान हात जोडून उभा, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हे वरच. छत पांढरं आणि ठेंगणं असलं की "वा!" करायचे, काळं लाकडी असलं की चुकचुकायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्यानं भूकंपाचा धसका घेतलाय. धसका तर होताच. पूर्वी ते छत पडेल का म्हणून बघायचे, आता कामाचं आहे का म्हणून बघायला लागले. नजर तीच होती, हे एसटीतल्या त्या दिवसानंतर मला कळत होतं. पण स्लॅबखाली ते झोपत मात्र नसत. मुलानं पुढे पक्कं घर बांधलं तरी चाचांची बाज बाहेर पत्र्याच्या पडवीत.

मग डिजिटल कॅमेरे आले. स्टुडिओ बंद करताना चाचांनी तो फ्लॅश मला दिला. "मान दुखू देऊ नका त्याची," म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. अब्बांना आता उठवत नाही, पडवीत वारा लागतो, तुम्ही समजावून आत न्या. मी गेलो. दुपारची वेळ होती. पण समजवायची गरजच पडली नव्हती. चाचा आतल्या खोलीत, स्लॅबखाली, पलंगावर उताणे पडून वर बघत होते. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदाच.

"काय बघताय चाचा?"

"पांढरं हाय," ते म्हणाले. "ठेंगणं बी हाय. पोरानं चांगलं केलंय. फ्लॅश आणलाय का?"

पिशवीत होता, माझ्या डिजिटल कॅमेऱ्यासोबत. का आणला होता, मलाही सांगता येणार नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा एकही फोटो घरात नव्हता. मी कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला आणि घाबरून तोंड सरळ त्यांच्याकडेच धरलं.

"मान वर, मास्तर."

मी मान वर केली. कुंईऽऽ. छत उजळलं, उजेड खाली उतरला आणि त्यांच्या अंगावर पसरला. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. सुरकुतलेला, प्रसन्न चेहरा आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले. मुलगा माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "अजून एक काढा काका, अब्बांचे डोळे मिटले."

"मिटले का?" चाचांनी विचारलं.

"मिटले, चाचा."

ते वाट बघत राहिले. मी काय विसरलोय ते मला कळेना. मी गोंधळलो. त्यांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं.

"मग शाब्बास म्हणा की."